एइबारची दुनळी : जुनी चांगली कीं नवी?

कांहीं गांवांचीं नांवें त्यांच्या धंद्यापासून वेगळीं काढतांच येत नाहींत. पैठण म्हटलें कीं पैठणी डोळ्यांपुढें येते, मिरज म्हटलें कीं तंबोऱ्याच्या तारा कानांत वाजूं लागतात, आणि सावंतवाडी म्हटलें कीं रंगीत लांकडी फळें व गंजिफांचीं पानें आठवतात. स्पेन देशाच्या उत्तरेस, बास्क लोकांच्या प्रदेशांत, एइबार नांवाचें असेंच एक लहानसें शहर आहे. त्याचें नांव बंदुकीशीं जोडलें गेलें आहे. स्पॅनिश लोक त्यास ‘विया आर्मेरा’, म्हणजे शस्त्रकारांचें नगर म्हणतात. आणि तेथील फुटबॉलचा संघ मैदानांत उतरला म्हणजे प्रेक्षक त्या खेळाडूंसहि ‘शस्त्रकार’ म्हणूनच हांक मारतात.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं बंदूक कधीं आली नसेल, आणि ती यावी असें सुचविण्याचा या लेखाचा हेतूहि नाहीं. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा काळ सरत गेला, आणि तो सरला हें बरेंच झालें. परंतु एइबारच्या दुनळी बंदुकीसंबंधानें युरोपांत व अमेरिकेंत जाणत्या लोकांमध्यें एक वाद अनेक वर्षें चालत आला आहे, आणि तो वाद केवळ बंदुकीपुरता नाहीं. जुन्या स्पॅनिश दुनळ्या अधिक चांगल्या कीं अलीकडच्या, असा तो प्रश्न आहे. आजीच्या वेळचें तांब्याचें घंगाळ व आजचें घंगाळ, आईच्या लग्नांतील शालू व सुनेचा शालू, यांविषयीं आपल्या माजघरांत जें बोलणें नेहमीं होतें, तेंच येथें पोलादाच्या व अक्रोडाच्या भाषेंत चाललेलें असतें. ‘जुनें तें सोनें’ ही म्हण अशा वेळीं कितपत खरी ठरते, हें पाहावयास एइबारइतकें सोयीचें स्थळ क्वचितच मिळेल.

बिल्बाओहून सान सेबास्तियानकडे जाणारी अरुंद रुळांची आगगाडी दुरांगो गांव सोडल्यावर डोंगरांच्या कुशींत शिरते. पाऊस येथें मुबलक. त्यामुळें उतारांवर बारमाही हिरवळ, मधूनमधून दगडी भिंतींचीं व रुंद छपरांचीं शेतकऱ्यांचीं एकाकी घरें, आणि शिखरांवर रेंगाळणारें धुकें, असा देखावा लागतो. कोंकणांतील माणसास तो क्षणभर ओळखीचा वाटावा. एर्मुआ मागें पडतें न पडतें तोंच एइबार येतें. दरी इतकी चिंचोळी कीं शहरास आडवें पसरण्यास जागाच नाहीं; म्हणून तें उभें वाढलें आहे. येथील जुने कारखानेसुद्धां मजल्यावर मजले चढवून बांधलेले असत. दरीच्या तळाशीं वाहणारी एगो नदी शहराच्या मध्यभागीं बव्हंशीं झांकून टाकलेली असून तिच्यावरून रस्ते गेले आहेत. वस्ती सुमारें सत्तावीस हजारांची. रस्त्यावर स्पॅनिशच्या जोडीनें बास्क भाषा ऐकूं येते. या भाषेचें जगांतील दुसऱ्या कोणत्याहि जिवंत भाषेशीं नातें पंडितांस अद्याप सिद्ध करतां आलेलें नाहीं.

अशा अडचणीच्या जागीं एवढा धंदा कां वसला, हें कोडें भूगोलानेंच उलगडतें. बास्क डोंगरांत लोखंडाची खनिजें होतीं, कोळसा पाडण्यास रानें होतीं, आणि भाता व घण चालविण्यास उतारावरून धांवणारें पाणी होतें. शेतीस मात्र जमीन तोकडी होती. इ. स. १३४६ मध्यें कास्तीलचा राजा अकरावा आल्फोन्सो यानें एइबारास नगराची सनद दिली. पुढें देबा नदीच्या कांठचें प्लासेन्सिया व शेजारचीं गांवें यांसह हा सारा टापू स्पेनच्या राजांस शस्त्रें पुरविणारा झाला. युरोपांतील पोलादाशीं आपल्या लोकांचाहि जुना परिचय होता. मराठ्यांच्या शस्त्रागारांतील ‘फिरंग’ नांवाच्या तलवारींचीं पातीं युरोपांतूनच येत असत.

अठराव्या शतकांत येथील शस्त्रकारांचे चार संघ होते. नळ्या घडविणारे, चापाची कळ बनविणारे, तिची जोडणी व पितळी-लोखंडी साज करणारे, आणि लांकडी दस्ता बसविणारे असे ते चार. एका घरांत एकच काम, आणि तेंच बापाकडून मुलाकडे. पूर्ण बंदूक एकट्यानें करणारा कारागीर सहसा नसे; ती चार घरांतून फिरत फिरत पुरी होई. संघ पुढें मोडले, परंतु कामाची ही वांटणी विसाव्या शतकापर्यंत टिकली. बंदुकीवर एका कारखान्याचें नांव असलें तरी तिच्या नळ्या एका आळींत, कोरीवकाम दुसऱ्या आळींत, आणि दस्ता तिसऱ्याच आळींत झालेला असे. या वाद्याचा निकाल लावतांना ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

कोरीवकामाची येथील परंपरा तर स्वतंत्र कीर्तीची आहे. पोलादाचा पृष्ठभाग बारीक रेघांनीं खरबरीत करून त्यांत सोन्याची तार ठोकून बसविण्याची जी कला आपल्याकडे कोफ्तगिरी म्हणून प्रसिद्ध आहे, तिच्याच जातीचें काम एइबारच्या सुलोआगा घराण्यानें एकोणिसाव्या शतकांत परमोच्च कोटीस नेलें. एउसेबियो सुलोआगा हा राजघराण्याचा बंदूकवाला होता. त्याचा पुत्र प्लासिदो यानें या कलेंत साऱ्या युरोपांत नांव मिळविलें. आणि प्लासिदोचा पुत्र इग्नासियो, १८७० मध्यें एइबारांतच जन्मलेला, स्पेनचा विख्यात चित्रकार झाला.

आतां दुनळी म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. दोन नळ्या शेजारीं शेजारीं जोडलेल्या; मागच्या बाजूस बिजागरीवर त्या मोडून उघडावयाच्या, दोन काडतुसें घालावयाचीं, आणि पुनः मिटावयाच्या. ऐकावयास हें सोपें वाटतें. परंतु दोन नळ्या अगदीं समांतर जोडल्या तर दोहोंचे छर्रे एका ठिकाणीं जात नाहींत. म्हणून सुमारें चाळीस यार्डांवर दोहोंचा मारा एकत्र मिळेल इतक्याच सूक्ष्म कोनानें त्या एकमेकींकडे झुकवून झाळाव्या लागतात. तसेंच, नळ्या ज्या पोलादी बैठकीवर मिटतात तेथें केंसाएवढीहि फट राहिली तर हजारों वेळां उडविल्यावर ती बंदूक खिळखिळी होते. यासाठीं कारागीर दिव्याच्या काजळीचा उपयोग करतो. नळ्यांच्या टोकास काजळी धरावयाची, नळ्या मिटावयाच्या, पुनः उघडावयाच्या, आणि बैठकीवर जेथें काळा ठिपका उमटला असेल तेवढेंच कानशीनें घांसावयाचें. असें शेंकडों वेळां केल्यावर सर्व पृष्ठभागावर काजळी सारखी उमटूं लागते, तेव्हां तें काम पुरें झालें असें समजतात. दस्त्याचें अक्रोडी लांकूड पोलादाभोंवतीं बसवितांनाहि हीच रीत.

चापाच्या कळेचे मुख्य प्रकार दोन. एकांत सारी कळ बैठकीच्या पोटांतच पेटीसारखी बसविलेली असते. ही युक्ति बर्मिंगहॅमच्या अँसन व डीली या दोघांनीं १८७५ मध्यें काढली. दुसऱ्यांत ती दोन्ही बगलांस वेगळ्या पत्र्यांवर बसविलेली असते; ही अधिक नाजूक, अधिक महाग, आणि कोरीवकामास अधिक जागा देणारी. दोन्ही प्रकार मूळचे इंग्रजी. एइबारच्या लोकांनीं ते उचलले आणि इंग्रजी किंमतीच्या अल्प अंशांत विकूं लागले. या धंद्याचें बळ यांत होतें आणि त्याचें संकटहि यांतच दडलेलें होतें.

‘जुनी’ बंदूक म्हणतांना लोक दोन निरनिराळे काळ एकत्र करतात, आणि वादांतील पुष्कळसा गोंधळ तेथून निघतो. पहिला काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३६ पर्यंतचा. या काळांत व्हिक्टर सारास्केता यासारखे बंदूकवाले राजघराण्यास माल पुरवीत. राजा तेरावा आल्फोन्सो हा स्वतः नांवाजलेला नेमबाज असल्यामुळें सरदारवर्गांत उत्तम दुनळीस मागणी होती. कास्तीलच्या पठारांवर लाल पायांचे तित्तिर हांकून आणून त्यांवर नेम धरण्याची चाल होती; तींत एका दिवसांत एकेका बंदुकीला शेंकडों काडतुसें उडवावीं लागत. असल्या वापरांत कच्चें काम लपत नसे. १९१३ मध्यें एइबारांत शस्त्रविद्येची शाळा उघडली, आणि घरोघरीं शिकविली जाणारी विद्या तेथें रेखाचित्रें, मापें व यंत्रें यांच्या साहाय्यानें शिकविली जाऊं लागली.

परंतु याच शहरानें याच काळांत वाईट मालहि उदंड केला. पहिल्या महायुद्धांत, १९१५ पासून, फ्रेंच सैन्यास पिस्तुलें तांतडीनें हवीं होतीं. ‘रूबी’ नांवाच्या त्या पिस्तुलाची मागणी एका कारखान्यास पुरी करतां येईना, तेव्हां ती अनेकांत वांटली गेली. परिणाम असा झाला कीं एका कारखान्याच्या पिस्तुलाचे भाग दुसऱ्याच्यांत बसत नसत, आणि कोणाचें पोलाद कसें असेल याचा भरंवसा नसे. ‘स्पॅनिश’ हा शब्द परदेशांत स्वस्त व बेभरंवशाच्या मालाचा वाचक झाला तो मुख्यतः या पिस्तुलांमुळें. त्याचा डाग दुनळ्यांसहि लागला. एकाच गल्लींत एका घरीं राजाची बंदूक होत होती आणि शेजारच्या घरीं गुत्त्याचें पिस्तूल. कारागिरी दोन्ही घरीं ठाऊक होती; वेळ आणि मोबदला मात्र एकाच घरीं मिळत होता.

नळ्यांच्या परीक्षेची सोय हाच यावरील उपाय होता. ठराविकाहून अधिक जोराचें काडतूस उडवून नळी टिकते कीं नाहीं हें पाहावयाचें, आणि टिकली तर तिच्यावर सरकारी ठसा मारावयाचा, अशी ही पद्धति आहे. १९२० च्या दशकांत स्पेनमध्यें ही परीक्षा सक्तीची झाली, आणि १९२७ पासून ठशाशेजारीं वर्षाचें एक अक्षर कोरण्याचा प्रघात पडला. १९२७ ला वर्णमालेंतील पहिलें अक्षर, पुढील वर्षाला दुसरें, याप्रमाणें. वर्णमाला संपल्यावर १९५० च्या दशकाच्या मध्यापासून अक्षरापुढें आंकडा जोडूं लागले. त्यामुळें एइबारच्या बंदुकीचें जन्मवर्ष विकणाऱ्यास विचारावें लागत नाहीं. नळ्या उघडून खालच्या बाजूस पाहिलें कीं पुरे.

मग युद्ध आलें. १४ एप्रिल १९३१ च्या पहांटे स्पेनमध्यें प्रजासत्ताकाची द्वाही सर्वांत आधीं फिरविणारें शहर एइबार होतें. १९३६ मध्यें यादवी युद्ध पेटल्यावर युद्धाची आघाडी कित्येक महिने याच्या वेशीवर येऊन थांबली. १९३७ च्या एप्रिल अखेरीस विमानांनीं शहरावर बाँब टाकले. गेर्निकाच्या विध्वंसाची वार्ता जगभर गेली, त्याच दिवसांतली ही गोष्ट. घरें, कारखाने व कार्यशाळा यांचा मोठा भाग ढिगाऱ्यांत गेला, आणि पुष्कळ कारागीर परागंदा झाले. ज्यांच्या घराण्यांत पिढ्यान्पिढ्या एकच काम चालत आलें होतें त्यांचा धागा अनेक ठिकाणीं येथेंच तुटला.

‘जुन्या’ बंदुकीचा दुसरा काळ हा त्यानंतरचा, सुमारें १९४० ते १९८० चा. आरंभीं देश दरिद्री, बाहेरचें पोलाद मिळेना, आणि परकी चलनाची निकड. पुढें अमेरिकेंतील व्यापाऱ्यांस ध्यानांत आलें कीं दुनळी अजून हातानें करणारे व थोड्या पैशांत देणारे लोक येथें आहेत. त्यांच्या मागण्या एकामागून एक येऊं लागल्या. परंतु प्रत्येक पत्रांत भाव आणखी उतरविण्याची अट असे. भाव उतरला म्हणजे प्रथम काय जातें, हें गृहिणींस सांगावयास नको. वरचा रंग जात नाहीं, नक्षीहि जात नाहीं. जातें तें आंतलें. दुनळींत ‘आंतलें’ म्हणजे कळेचे लहान लहान भाग. हे भाग घडविल्यावर हाडाच्या कोळशांत पुरून तापवावे व थंड पाण्यांत विझवावे लागतात, म्हणजे त्यांचें वरचें कवच कठीण होतें व पोट चिवट राहतें. या कामास वेळ न दिल्यास कवच पातळ राहतें. कांहीं वर्षांत कडा झिजतात, चाप नको तितका हलका होतो, आणि रिकामीं काडतुसें फेंकणारी योजना डावी-उजवी मागेंपुढें चालूं लागते. ‘जुन्या स्पॅनिश बंदुकीचें पोलाद मऊ’ हा जो बोल लागला तो बव्हंशीं या काळांतील स्वस्त मालाचा आहे. नळ्यांचें पोलाद तितकें वाईट नव्हतें. त्यांपैकीं पुष्कळ नळ्यांवर ‘बेयोता’ ही अक्षरें दिसतात. तें पोलाद त्याच प्रांतांतील लेगास्पी गांवचें, आणि त्यानें आपलें नांव राखलें.

तरी या काळासहि सरसकट दोष देतां येत नाहीं. मिगेल आगिर्रे व निकोलास आरान्साबाल या दोघांनीं १९१५ च्या सुमारास लहान प्रमाणावर आरंभिलेला आणि ‘आया’ या आद्याक्षरांच्या नांवानें गाजलेला कारखाना याच काळांत स्पेनमधील सर्वांत मोठा दुनळीचा कारखाना झाला. त्यानें अमेरिकेसाठीं ‘मातादोर’ नांवाची साधी, जड, कोणासहि परवडणारी बंदूक केली. आणि त्याच वेळीं इंग्लंडांतील व्यापाऱ्यांशीं बसून, लंडनच्या उत्तम दुनळ्या समोर ठेवून, त्यांच्या धर्तीवर ‘एक नंबर’ व ‘दोन नंबर’ या बगलेच्या कळेच्या बंदुकी आणि ‘चार नंबर’ ही पेटीच्या कळेची बंदूक केली. इंग्रज ग्राहक वजन, तोल व दस्त्याचा बांक यांविषयीं काटेकोर. जें पटलें नाहीं तें परत पाठविणारा. त्याच्या आग्रहानें त्या बंदुकी सुधारल्या, आणि त्यांतल्या कित्येक अर्ध्या शतकानंतरहि इंग्लंडच्या शेतांवर कामांत होत्या. शिवाय पेद्रो आर्रिसाबालागा यांच्यासारखे लहान कार्यशाळेचे मालक होते, ज्यांनीं थोड्याच पण निवडक बंदुकी करण्याचा नेम सोडला नाहीं.

१९७० नंतर दैव फिरलें. इटलींतील ब्रेशा प्रांतांतून यंत्रावर केलेल्या, एकावर एक नळ्यांच्या बंदुकी स्वस्तांत येऊं लागल्या. स्पेनमध्यें मजुरी वाढली. आणि हातकामाचा स्वस्तपणा, ज्यावर सारा डोलारा उभा होता, तोच नाहींसा झाला. १९८० च्या दशकांत बास्क प्रदेशांतील वीसेक कारखाने एकत्र करून ‘दिआर्म’ नांवाची एक मोठी कंपनी उभारली गेली. आयाहि तींत सामील झाली. ही योजना थोड्याच वर्षांत बुडाली आणि तिच्याबरोबर अनेक जुनीं नांवें कायमचीं पुसलीं गेलीं. आयाच्या कांहीं निवडक कारागिरांनीं मात्र नांव वांचवून लहान प्रमाणावर पुनः आरंभ केला.

‘नवी’ स्पॅनिश दुनळी म्हणतात ती या पडझडीनंतरची. आर्रिएता, गार्बी, ग्रुल्या, उगार्तेचेआ, आया हीं नांवें या काळांत जाणत्यांच्या तोंडीं आलीं. गार्बी हा बास्क शब्द असून त्याचा अर्थ स्वच्छ, निर्मळ असा आहे. पांच कारागिरांनीं मिळून १९५९ मध्यें ती कार्यशाळा काढली होती. या सर्वांना एक गोष्ट कळून चुकली होती कीं स्वस्त बंदुकीच्या बाजारांत यंत्राशीं झुंजणें व्यर्थ आहे. हातानें करावयाचें तर उत्तमच केलें पाहिजे. ग्राहकाच्या हाताचें, मानेचें व खांद्याचें माप घेऊन दस्ता करावा, त्याच्यापुढें लांकडाचे ठोकळे मांडून त्यास निवडूं द्यावे, आणि कित्येक महिने त्याला वाट पाहावयास लावावें, ही रीत पडली. पोलादी बैठकीचें ओबडधोबड रूप यंत्र काढून देऊं लागलें. परंतु काजळी, कानस व अखेरची बैठक हीं हाताकडेच राहिलीं. लंडनच्या उत्तम दुनळीच्या किंमतीशीं तुलना करतां या बंदुकी तिच्या एका लहानशा अंशांत मिळत.

तर मग तुलनेचा हिशेब असा मांडतां येईल. पोलाद व त्याचें कठिणीकरण यांत नवी बंदूक सामान्यतः सरस. कारण शुद्ध व एकसारखें पोलाद आज सहज मिळतें, आणि तापमान डोळ्यांनीं ओळखण्याऐवजीं मोजतां येतें. नळ्यांच्या सामर्थ्यांतहि नवीच पुढें. पूर्वीच्या पुष्कळ नळ्यांत काडतुसाचें घर ६५ मिलिमीटरांचें असे, आतां तें ७० चें असतें. आणि आजच्या साध्या परीक्षेंत ७४० बार दाबाच्या काडतुसांसाठीं केलेल्या नळीस निदान ९३० बारांचा दाब सोसून दाखवावा लागतो. जुन्या बंदुकींत आजचीं लांब काडतुसें घालणें धोक्याचें. युरोपीय संघानें २०२३ पासून पाणथळ जागीं शिशाचे छर्रे वापरण्यास बंदी केली आहे. त्यांच्या जागीं येणारे पोलादी छर्रे पातळ भिंतीच्या व आवळलेल्या तोंडाच्या जुन्या नळ्यांस सोसत नाहींत, ही नवी अडचणहि ध्यानांत घेतली पाहिजे.

उलट, हलकेपणा, तोल व हातांत घेतांच जाणवणारा जिवंतपणा यांत १९३६ पूर्वीची चांगली बंदूक आजहि कोणास हार जात नाहीं. तिचा कोरणारा दिवसभर तेंच काम करीत आलेला. त्याच्या रेघेंत घाई नाहीं. लांकडाच्या निवडीचाहि लाभ पुष्कळदां जुन्यासच मिळतो, कारण उत्तम अक्रोड दिवसेंदिवस दुर्मिळ व महाग होत आहे. मधल्या काळांतील स्वस्त बंदूक मात्र दोन्ही कसोट्यांस कमी उतरते. आणि तीच संख्येनें सर्वांत अधिक असल्यामुळें ‘जुनी स्पॅनिश’ म्हणून लोकांच्या हातीं बहुधा तीच येते.

जाणता मनुष्य वर्षाचें अक्षर पाहतो, पण तेवढ्यावर थांबत नाहीं. तो नळ्या सुट्या करून एका बोटावर टांगतो व दुसऱ्या हाताच्या पेराने हलकेच ठोकतो. बाजारांत माठ घेतांना आपल्या घरच्या वडील बायका ठोकून पाहतात, अगदीं तसेंच. मधल्या पट्टीची झाळ शाबूत असेल तर घंटेसारखा लांबणारा नाद येतो. सुटली असेल तर बद्द आवाज होतो. मग तो नळ्या मिटून उजेडाकडे धरतो आणि बैठकीशीं किरण दिसतो कीं काय तें पाहतो. दस्ता जेथें हातांत धरतात त्या बारीक भागांत लांकडाच्या रेषा सरळ धांवतात कीं आडव्या तुटतात, हें तो पाहतो. कारण आडव्या असतील तर तेथेंच तडा जावयाचा. शेवटीं तो स्क्रूंच्या डोक्यांवरील खांचा पाहतो. उत्तम बंदुकींत त्या साऱ्या एका दिशेनें, नळ्यांच्या रेषेंत असतात. तसें नसल्यानें बंदूक कांहीं कमी चालत नाहीं. परंतु कोणी मागाहून अडाण्यानें उघडली होती कीं काय, आणि करणाऱ्यानें शेवटचा अर्धा तास दिला होता कीं नाहीं, हें त्यावरून कळतें.

या सर्व परीक्षांत साल कोठेंच निर्णायक नाहीं. १९२८ ची चांगली असूं शकते, १९६८ ची चांगली असूं शकते, आणि १९९८ चीहि. फरक पडला तो करणाऱ्यास किती वेळ दिला गेला आणि ग्राहकानें काय खपवून घेतलें यामुळें. राजानें व तित्तिरांच्या शिकाऱ्यानें कच्चें काम खपवून घेतलें नाहीं, इंग्रज शेतकऱ्यानें घेतलें नाहीं. म्हणून त्यांच्यासाठीं केलेलें टिकलें. ज्यास केवळ स्वस्त हवें होतें त्यास स्वस्त मिळालें, आणि मग त्याच ग्राहकाच्या देशांत एइबारच्या नांवानें खडे फोडले गेले. कारागिराची अब्रू अर्धी त्याच्या हातांत असते व अर्धी विकत घेणाऱ्याच्या, हें आपण सहसा मनांत आणीत नाहीं. आपल्याकडील विणकरांची व तांबटांची कहाणी निराळी नाहीं.

नव्या बंदुकीच्या बाजूनें इतकें बोलून झाल्यावर एक गोष्ट मात्र मन उदास करते. तिचें उत्तमपण हें बऱ्याच अंशीं मागच्या पिढीच्या पुण्याईवर उभें आहे. मोठे कारखाने होते तेव्हां शेंकडों मुलें तेथें उमेदवारी करीत. त्यांतून दहा-पांच असामान्य हात निघत. कारखाने गेले, परंतु ते हात उरले, आणि त्यांनींच लहान कार्यशाळांत ती नांवाजलेली बंदूक केली. आतां तेहि वृद्ध झाले. १९१३ ची ती शाळा आज यंत्रविद्या व विद्युद्विद्या शिकविते, आणि तेथील हुशार मुलगा मोटारींचे भाग करणाऱ्या कारखान्यांत जातो; त्यास दोष कोण देईल? काजळी लावून कानस फिरविण्यास दहा वर्षें शिकावें लागतें, आणि शिकल्यावर किती दिवस काम मिळेल हें सांगतां येत नाहीं.

मात्र गांव मेलेलें नाहीं. हात बदलले नाहींत, काम बदललें. ऑर्बेआ बंधूंचा १८४० चा बंदुकीचा कारखाना पुढें सायकली करूं लागला, आणि त्या सायकली आज जगभर धांवतात. १९२० मध्यें बंदुकीच्या कामगारांनीं सहकारी तत्त्वावर काढलेली ‘आल्फा’ संस्था पिस्तुलें सोडून शिवणयंत्रांकडे वळली, आणि स्पेनमधील किती तरी घरांत मुलींचे परकर तिच्या यंत्रावर शिवले गेले. शेजारचें एल्गोइबार यंत्रें घडविणाऱ्या यंत्रांचें केंद्र झालें. नळी सरळ ठेवणारी नजर, फट न राहूं देणारें बोट, आणि उद्यांपेक्षां नीट करण्याची खोड, हीं कांहीं केवळ बंदुकीसाठीं जन्मलीं नव्हतीं. बंदुकीच्या नळीऐवजीं सायकलीचा सांगाडा वा शिवणयंत्राची सुई पुढें आली, तरी तीं तितकींच उपयोगी पडलीं. आणि एका दृष्टीनें पाहतां हा बदल मंगलच झाला.

एइबारांत बंदूक-उद्योगाचें एक संग्रहालय आहे. तेथें मांडलेल्या दुनळ्यांत सारास्केताची आहे, आयाची आहे, आणि नांव विसरलें गेलेल्या पुष्कळांचीहि आहे. त्यांकडे पाहतांना जुनी चांगली कीं नवी, हा प्रश्न हळूहळू मागें पडतो. त्यांतल्या प्रत्येकीस कोणी तरी शेवटचा अर्धा तास दिला आहे किंवा दिलेला नाहीं, आणि तें काचेंतूनहि ओळखतां येतें.